प्रकरण चौदा : चॉकलेटी पंप

पहिली ठिणगी पडली ती गोडावरून.

मुक्ताबाई लेकीची ओटी भरायला कामशेतहून आल्या त्या पाच डबे घेऊन. बुंदीचे लाडू, करंज्या, अनारसे, खव्याच्या पोळ्या आणि पाचव्यात शंकरपाळे. पाची डबे त्यांनी लेकीच्या सासूच्या, म्हणजे बायाच्या, ओसरीवर ओळीने मांडले आणि झाकणं काढून ठेवली. वाडीतल्या बायकांना दिसायला हवं ना, माहेर किती भरलेलं आहे ते. बायाने एकेक झाकण उचललं आणि परत लावलं.

"विहीणबाई, हे समदं वाडीत वाटू. हर्षदाला न्हाई."

मुक्ताबाईंचा चेहरा उतरला. सातव्या महिन्याची ओटी आणि पोटुशीच्या तोंडात गोड घास नाही, असं त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं, आणि तसं त्या बोलूनही गेल्या. बायाने आवाज चढवला नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, साखर निघालीय पोरीला, सोमवारी परत रक्त द्यायचंय, एवढंच म्हणाली आणि हर्षदासाठी वेगळ्या काढलेल्या नाचणीच्या भाकरीवर फडकं टाकलं.

गोष्ट खरी होती. चौदा दिवसांपूर्वी कामशेतच्या दवाखान्यात हर्षदाला पेलाभर गोड पाणी पाजून दोन तासांनी रक्त काढलं होतं. आकडा वर गेला. ज्योत्स्नाबाई डॉक्टरांनी खाणंपिणं लिहून दिलं, जेवण झालं की चालायला सांगितलं आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात आकडा उतरला तर ठीक, नाही तर इन्सुलिनची सुई. त्या दिवसापासून घरात सोमवार हा शब्द कोर्टाच्या तारखेसारखा बोलला जात होता.

आणि विहिणींचं मूळ दुखणं साखरेचं नव्हतंच. ते दम्याचं होतं. लग्न ठरवताना मुक्ताबाईंनी लेकीचा दमा लपवला होता. नांदायला आल्यावर पहिल्याच भातझोडणीत, खळ्यावरच्या धुळीत, पोरगी धाप लागून खाली बसली आणि तिने कनवटीचा पंप काढला, तेव्हा सासरला कळलं. अडीच वर्षं झाली त्याला. विकासने बायकोची बाजू घेतली, सासरा शिदू मध्ये पडला नाही, आणि बायाने सून ठेवून घेतली. पण विहिणीला माफ केलं नाही. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते, ही रीत साऱ्या आंदर मावळात आहे. तरी ह्या वेळी बाया म्हणत होती, बघू. जिनं एकदा लपवलं, तिच्या हवाली पोर कशी करायची?

दहाच्या सुमाराला बबिता आली आणि बायाला बळ आलं. बबिता बायाची थोरली लेक. लोणावळ्याला दिलेली, आणि तिथल्याच एका दवाखान्यात नऊ वर्षं केसपेपर काढायला बसणारी. औषधपाण्यात तिचा शब्द ह्या घरात शेवटचा. कुणाला खोकला झाला तरी फोन आधी बबिताला. तिने आल्या आल्या डबे पाहिले, नाचणीची भाकरी पाहिली आणि सगळ्यांसमोर मुक्ताबाईंना समजावून सांगितलं की साखर वाढली की पोर पोटात जास्त फुगतं, मग बाळंतपण अवघड जातं. विहिणीपुढे विहीण हरली, आणि बायाला ते बरं वाटलं. खोटं कशाला बोला.

शिदू ह्या कशातच नव्हता. तो खालच्या खाचरात राबाशी होता. राब म्हणजे भाताच्या रोपांची जागा. पावसाच्या आधी त्या जागेवर शेण, झाडांचं छाटलेलं कवळ, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर लावून ते भाजायचं, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमानं येतं. बाप गेणू भाजत होता तसा शिदू भाजायचा. ओटीसाठी त्याने राब आठ दिवस पुढे ढकलला होता, आणि हे त्याच्या मानाने फार झालं. बाकी वाडी थांबली नव्हती. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ कुणाच्या ना कुणाच्या राबाचा धूर वर चढत होता. घरातल्या वाळत घातलेल्या लुगड्यांनासुद्धा त्याचा वास बसला होता.

अकराला हर्षदाला पाटावर बसवलं. हिरवी साडी, हिरवा चुडा, केसांत मोगरा. सातव्या महिन्याच्या मानाने चेहरा ओढलेला दिसत होता, पण गोड बंद झाल्यावर माणूस उतरतंच, असं बायाने मनाशी धरलं होतं. पाच सवाष्णी बसल्या. पहिलीने ओटी भरली, दुसरीने भरली. तांदूळ, नारळ, खण, लेकुरवाळं हळकुंड. मग बायकांनी नावाचा हट्ट धरला. उखाणा घेतल्याशिवाय तिसरी ओटी मिळायची नाही, म्हणाल्या.

हर्षदाने उखाणा घेतला.

"भात आलं… पोटरीला… ढगांची…" ती थांबली. हसली. "ढगांची झाली… दाटी… विकास… रावांचं नाव घेते… भरा माझी… ओटी."

बायका खदखदल्या. एक म्हणाली, लाजती बया, नवऱ्याचं नाव तुकड्या-तुकड्यानं घेती. दुसरी म्हणाली, अगं सात म्हयनं झालं, आता कसली लाज. मुक्ताबाईसुद्धा पदर लावून हसल्या.

बाया हसली नाही. तिची नजर हर्षदाच्या गळ्यावर होती. गळ्याखालची खळगी दर श्वासाला आत ओढली जात होती. मंगळसूत्राची वाटी खांद्यांबरोबर वर-खाली होत होती. दोन ओळींच्या उखाण्याला आठ श्वास. ही लाज नव्हती.

ही खळगी बायाने पूर्वी पाहिली होती. तिची सासू शकुबाई, शिदूची आई, दमेकरी होती. बाया नवी नवरी असताना, असाच राबांचा मोसम चालू असताना, म्हातारीला धाप लागली. कुणी धोतऱ्याची पानं चिलमीत ओढायला दिली, कुणी छातीला मोहरीचं तेल चोळलं. सतरा वर्षांच्या बायाच्या हातात सूप दिलं आणि वारा घाल म्हणाले. तिने दीड दिवस वारा घातला. तिसऱ्या प्रहरी सासऱ्याने तिच्या हातातून सूप काढून घेतलं, तेव्हा तिला कळलं की आता कुणाला वारा लागत नाही.

बाया उठली. ओटी अर्धी टाकून पोटुशीला उठवत नाहीत, तो मोठा अपशकुन. ते तिला ठाऊक होतं. तिने हर्षदाच्या पदरातली ओटी गाठ मारून बांधली आणि स्वतः पाटाशेजारी बसून आपला पदर पसरला.

"ऱ्हायलेल्या तीन ओट्या माझ्या पदरात घाला."

बायका बघतच राहिल्या. मग एकीने तोंड उघडलं. "बाया, ह्या वयात ओटी?"

"व्हय. मला बी दिवस गेल्यात म्हना. घाल."

हशाच्या नादात तिन्ही ओट्या भरून झाल्या. तोवर बायाने विकासला नजरेने खूण केली होती, आणि पंगत मांडायचं बबितावर टाकून ती हर्षदाला धरून आतल्या घरात घेऊन गेली.

आत भाताच्या कणगीला पाठ लावून हर्षदा बसली. आडवी होईना. उशाला तीन उशा होत्या त्या बायाने आज पाहिल्या. छातीतून बारीक शीळ ऐकू येत होती, पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल झाल्यावर येते तशी. पोरीने कनवटीचा निळा पंप काढून दोन फवारे ओढले. बाया बाजूला बसून राहिली. मग विचारलं, सकाळपासून हा कितव्यांदा. हर्षदा म्हणाली, मोजलं नाही.

"आनि चॉकलेटी?"

हर्षदाने मान खाली घातली.

निळा पंप धाप लागल्यावरचा आणि चॉकलेटी रोजचा, धाप लागूच नये म्हणून, एवढं बायाला अडीच वर्षांत कळलं होतं. तिने ट्रंक उघडली. साड्यांच्या तळाशी तो सापडला. पाठीमागे बारीक खिडकी होती आणि खिडकीत आकडा. बायाला अक्षरं सावकाश वाचता येतात, पण आकडे पटकन. चौऱ्याऐंशी. नवा पंप आणला तेव्हा एकशेवीस होते, आणून तीन आठवडे झाले. सकाळी दोन, सांजेला दोन, दिवसाचे चार. तिने बोटांच्या पेरांवर हिशेब लावला आणि दोनदा लावला. छत्तीस फवारे म्हणजे नऊ दिवस. बाकीचे बारा दिवस पोरीने पंपाला हात लावला नव्हता.

बारा दिवस. म्हणजे साखर निघाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून.

"का गं?"

मग हळूहळू, अडकत, सगळं बाहेर आलं. साखर निघाली त्या दिवशी बबिताताईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, तुझ्या पंपात स्टेरॉईड असतं, स्टेरॉईडनं साखर चढते, आमच्याकडं कितीतरी पेशंट बघते मी. आणि सुई एकदा लागली की जन्माची, हे तर सगळेच म्हणतात. मग तिने ठरवलं. चॉकलेटी बंद. निळ्यावर काढू. सोमवारी आकडा खाली आला की पुन्हा सुरू करू, कुणाला कळणारही नाही.

"आकडा उतरला असता," हर्षदा म्हणाली, "तर कुणी म्हनलं नसतं… की दमेकरी ती दमेकरी… वर साखर बी घेऊन आली."

बायाच्या हातातला पंप तिथेच राहिला. हे वाक्य तिचं होतं. शब्दन् शब्द तिचा. साखर निघाली त्या संध्याकाळी ती परसदारी शिदूजवळ हेच बोलली होती, आणि भिंत एका विटेची आहे हे विसरली होती.

दुसरी कुणी असती तर ऐकलंच नाही असं दाखवून उठली असती. बाया हलली नाही.

"ते त्वांड माझंच व्हतं," ती म्हणाली. "मी बोलले. त्याचं बघू मागनं. आधी तुझा श्वास."

तिने बबिताला आत बोलावलं. मागोमाग मुक्ताबाई आल्याच, आणि दाराशी विकास. बायाने पंप बबिताच्या हातात दिला आणि आकडा वाचायला लावला. बबिता आधी चिडली. मी बंद कर म्हणाले नव्हते, मी फक्त सांगितलं, असं तिचं म्हणणं. स्टेरॉईडची इंजेक्शनं दिलेल्या पेशंटांची साखर चढते, हे सिस्टरांच्या तोंडून तिने शंभरदा ऐकलं होतं, ते काही खोटं नव्हतं. मुक्ताबाई म्हणाल्या, पेपर काढणारीनं पेपर काढावेत. विकास म्हणाला, भांडायचं असंल तर भाईर जा दोगी. त्या गडबडीत हर्षदाला खोकल्याची उबळ आली. भांडण तिथेच तुटलं.

"फोन लाव," बाया बबिताला म्हणाली. "डॉक्टरीणबाईला. आनि जे झालं ते समदं सांग. काय बी झाकू नको."

रेंज अंगणातल्या पाण्याच्या टाकीपाशीच मिळायची. हर्षदाला खुर्चीत बसवून तिथे नेलं. पंगतीतल्या बायकांचे हात पुरणपोळीवर थांबले. बबिताने स्पीकर लावला. ज्योत्स्नाबाईंनी आधी बाळ हलतंय का ते विचारलं. हलत होतं. मग श्वास किती, पूर्ण वाक्य बोलता येतं का, ओठ निळे आहेत का. सगळं ऐकून त्यांनी स्पेसर म्हणतात ते पांढरं नळकांडं लावून निळ्या पंपाचे फवारे सावकाश, एकेक करून घ्यायला सांगितले, आणि बरं वाटो न वाटो, लगेच निघा, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, रोजचा पंप कुणी बंद केला?

वाडीच्या वीस बायका ऐकत होत्या. हर्षदाने तोंड उघडलं, पण तिच्या आधी बबिता बोलली.

"माझ्या बोलण्यानं बंद झाला, मॅडम. मी अर्धवट ऐकून सांगितलं."

बायाने लेकीकडे पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा बबिताने मला माहीत नाही अशा अर्थाचं काही म्हटलं होतं. त्या क्षणी तिला लेक जास्त शिकलेली वाटली.

विकास टेम्पो काढायला धावला. तेवढ्यात बायाच्या लक्षात आलं की वारा फिरलाय. दुपारचा वारा पश्चिमेकडून घराला पाठ देऊन वाहायला लागला, की शिदू राब पेटवणार. घरात धूर येऊ नये म्हणून तो ह्याच वाऱ्याची वाट पाहत होता. पण राब रस्त्याकडेला होता, आणि वाडीतून खाली उतरायला तेवढा एकच रस्ता.

बाया चालत निघाली, मग पळत. अठ्ठावन्नाव्या वर्षी, नऊवारीत आणि पदराला तीन ओट्यांची गाठ तशीच. बांधावर पोचली तेव्हा शिदू वाळक्या गवताची चूड पेटवून उभा होता आणि शेजारी वाडीतला केरबा तंबाखू मळत होता.

"इझवा ती."

शिदूला वाटलं, पंगतीला बोलवायला आली. म्हणाला, एवढं पेटवतो आणि येतोच. बायाने दोन वाक्यांत सांगितलं काय झालं ते. शिदू राबाकडे पाहत राहिला. पंधरा दिवसांची मेहनत होती ती. डोंगरावरून कवळ डोक्यावर आणलं होतं. केरबा समजुतीने म्हणाला, वहिनी, राब न्हाई भाजला तर तनानं रोप खाऊन टाकील, आनि एका धुरानं कुनी मरत न्हाई.

बाया केरबाशी बोललीच नाही. ती नवऱ्याकडे पाहत म्हणाली, "तुमच्या आईला मी दीड दिवस वारा घातला. ह्या पोरीला वारा घालत मी बसायची न्हाई."

चाळीस वर्षांत शकुबाईच्या त्या दिवसाचं नाव दोघांत निघालं नव्हतं. शिदूने चूड खाली टाकली आणि वहाणेने दाबून विझवली. पूर्ण विझेपर्यंत दाबत राहिला. मग केरबाला म्हणाला की रस्त्याकडेचे राब आज कुणीच पेटवायचे नाहीत, वाडीत सांगून ये, माझं नाव सांग. शेतकी खात्याचा माणूस उंच गादीवाफ्यावर रोप टाकायचं सांगत होता, भाजायची गरजच नाही म्हणत होता, तो खरा की खोटा ते यंदा बघू. एवढं बोलून तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला, टेम्पो गेल्याशिवाय हलला नाही.

कामशेतच्या दवाखान्यात हर्षदाच्या तोंडाला वाफेचा मास्क लावला. एक झाला, दुसरा झाला. बाया खाटेच्या पायाशी उभी राहून फक्त गळ्याखालची खळगी पाहत होती. दुसऱ्या मास्कच्या शेवटी ती आत ओढली जाईनाशी झाली. तेव्हा बायाने भिंतीला पाठ टेकली. पोटाला लावलेल्या यंत्रातून बाळाचे ठोके ऐकू येत होते, घोडं दौडत यावं तसे. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, बाळ चांगलं आहे, वेळेत आलात.

मग त्यांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, आणि बायाला एकूण एक शब्द समजला, कारण बाई सोपं बोलत. पंपातलं औषध थेट छातीत जातं, रक्तात फार थोडं उतरतं, नेहमीच्या मापाच्या पंपाने साखरेला फरक पडल्यासारखा पडत नाही. गोळ्या-इंजेक्शनांतलं स्टेरॉईड वेगळं, ते साखर चढवतं. आता गंमत अशी की पंप बंद केल्यामुळे दमा एवढा चढला, की त्याच गोळ्या पाच दिवस द्याव्याच लागणार. म्हणजे जी साखर वाढू नये म्हणून पंप सोडला, तीच आता आणखी वाढणार. दमा असलेल्या बायकांमध्ये गरोदरपणात साखर जरा जास्त वेळा दिसते. त्यात पोरीची चूक नाही, माहेरची नाही आणि सासरचीही नाही. दोन्ही सांभाळायचं. पण श्वास अडला तर बाळाचाही अडतो, तेव्हा श्वास पहिला.

सोमवारची वाट पाहावी लागली नाही. बोटातून काढलेलं रक्त तिथेच तपासलं, आणि आकडा सगळ्यांनी पाहिला. इन्सुलिन सुरू.

हर्षदाचे डोळे भरले. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, ही सुई जन्माची नसते. बाळंत झाल्यावर बहुतेकींची बंद होते, नंतर दीड-दोन महिन्यांनी तपासायचं आणि पुढे दरवर्षी एकदा रक्त बघत राहायचं. बबिताने वही मागून घेतली आणि सगळं लिहून घेतलं. मध्येच थांबवून दोनदा विचारलं.

दोन दिवस दवाखान्यात काढल्यावर घरी सोडायची वेळ आली आणि जुना प्रश्न उभा राहिला. कुणाच्या घरी? मुक्ताबाईंनी सरळ सांगितलं, माझं घर इथून पाच मिनिटांवर, तुमच्या वाडीत धूर, बस दिवसातून दोन, पोर मी नेणार. विकासने मान हलवली. त्यालाही ते पटत होतं आणि आईकडे बघायचं धाडस होत नव्हतं. बाया म्हणाली, बरोबर हाय तुमचं. मुक्ताबाई भांडायच्या तयारीत आल्या होत्या, त्या एकदम रिकाम्या झाल्या.

तेवढ्यात सिस्टर सुई द्यायला शिकवायला आल्या. घरी रोज कोण देणार? मुक्ताबाईंनी हातात घेतली आणि डोळे असे घट्ट मिटले, की सिस्टरांनी ती काढून घेतली. विकास खिडकीतून रस्ता पाहू लागला. बबिता द्यायला तयार होती, पण तिची नोकरी लोणावळ्याला. बायाने हात पुढे केला. महिला गटातून तिने शेळ्यांना लस द्यायचं शिकून घेतलं होतं, चार वाड्यांतल्या शेळ्या तिच्याकडे येत. तिने कातडीची चिमूट धरली, सिस्टरांनी दाखवला तसा कोन साधला, दिली आणि काढली. हर्षदाला कळलंही नाही.

"आत्याच देतील," हर्षदा म्हणाली. अडीच वर्षांत तिने घरात कुणी काय करायचं ते पहिल्यांदा ठरवलं, आणि पूर्ण वाक्यात ठरवलं. "मी आईकडं ऱ्हाते, धूर सरंपर्यंत. पण आत्यांनी यायचं माझ्यासंगं."

सासूने सुनेच्या माहेरी मुक्काम करायचा, एक दिवस नाही तर महिना-महिना? आंदर मावळात असं कुणी केल्याचं बायाच्या ऐकण्यात नव्हतं. लोक काय म्हणतील, ते तिला चालता चालता सांगता आलं असतं. मुक्ताबाई विहिणीकडे बघत होत्या. त्यांच्या घरात दोनच खोल्या.

"एक खाट हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "ती तुमची. मी खाली झोपते."

"मी खाटंवर झोपत न्हाई. कंबर धरती."

"मग मी झोपते खाटेवर. माझी खाली धरते."

विकास हसला आणि मग दोघी विहिणीही हसल्या, एकमेकींकडे न बघता.

शिदूला फोन गेला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हशीचं कोण बघणार. मग स्वतःच म्हणाला, बघतो मी. अंगावर आहे ते लुगडं पुरंल का, की विकासबरोबर दुसरं पाठवू, हेही विचारलं. इतकी विचारपूस त्याने लग्नापासून केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताबाईंच्या स्वयंपाकघरात बायाने फ्रिजमधून औषध काढलं आणि जेवणाआधीच्या सुईची तयारी केली. हर्षदा चटईवर बसली होती. सकाळचे दोन फवारे घेऊन, चूळ भरून झाली होती. दार उघडं होतं. शेजारीण दारात येऊन उभी राहिली. विहीणबाई मुक्कामाला कशा, असं तिने मुक्ताबाईंना विचारलं, आणि नजर आतल्या सुईकडे गेली, मग हर्षदाच्या मांडीजवळच्या पंपाकडे. काय झालंय पोरीला?

बायाचा हात थांबला. हर्षदाची पाठ ताठ झाली. बावीस वर्षं ह्या प्रश्नाला ह्या घरात एकच उत्तर होतं, जरा सर्दी आहे.

मुक्ताबाई उंबऱ्यात होत्या. त्यांनी पदर खोचला.

"दमा आहे तिला. लहानपणापासून. आणि आता दिवसांत साखर निघालीय. दोन्हीची औषधं चालू आहेत. सुई सासू देते."

शेजारीण हो का म्हणाली, थोडी उभी राहिली आणि विचारायला आणखी काही न उरल्यासारखी निघून गेली. मुक्ताबाई उंबऱ्यातच राहिल्या, पाठमोऱ्या.

हर्षदा आईच्या पाठीकडे बघत होती. बायाने चिमूट धरली.

थोड्या वेळाने हर्षदाने तिकडेच बघत विचारलं, "झालं?"

"झालं कवाच," बाया म्हणाली. "जेव आता."